बंद दाराआडील नवे संगीत

इ. स. १९१८ च्या नोव्हेंबर महिन्यात ऑस्ट्रिया-हंगेरीचे जुने साम्राज्य कोसळले. ११ तारखेस सम्राट कार्ल याने राज्यकारभारातून अंग काढून घेतले आणि १२ तारखेस व्हिएन्ना शहरी प्रजासत्ताकाची द्वाही फिरली. शतकानुशतके हाब्सबुर्ग घराण्याची राजधानी म्हणून मिरविलेले ते नगर पाहता पाहता एका लहानशा, भुकेल्या देशाच्या वाट्यास आले. कोळसा मिळेना, पीठ मिळेना. त्यात इन्फ्लुएंझाच्या साथीने घरोघर बळी घेतलेले. चित्रकार एगोन शीले याच साथीत ३१ ऑक्टोबर रोजी वारला, तेव्हा तो अवघा २८ वर्षांचा होता. अशा त्या दिवसांत शहरातील काही संगीतकार व त्यांचे चाहते एकत्र आले आणि त्यांनी एक मंडळ स्थापन केले. ‘फेराइन फ्यूर मुझिकालिशे प्रिव्हाट-आउफफ्यूरुंगेन’ असे त्याचे लांबलचक जर्मन नाव. मराठीत त्यास ‘खासगी संगीतप्रयोग मंडळ’ म्हणता येईल. मंडळाचे प्रमुख होते आर्नोल्ड शोनबर्ग, आणि आपल्या काळातील नव्या संगीताचे प्रयोग करणे हे मंडळाचे कार्य होते.

या मंडळाचे नियम प्रथम ऐकणारास चमत्कारिक वाटतील. दारावर सभासदाने आपले छायाचित्र लावलेले ओळखपत्र दाखवावयाचे, तेव्हा आत प्रवेश. वृत्तपत्रांच्या टीकाकारांस मज्जाव. संगीत संपल्यावर टाळी वाजवावयाची नाही, आणि आवडले नाही म्हणून शीळही घालावयाची नाही. आज काय वाजविले जाणार हे आगाऊ कळावयाचे नाही. गेल्या आठवड्यात ऐकलेली रचना या आठवड्यात पुन्हा ऐकावी लागली तर तक्रार करावयाची नाही. एखाद्या गुप्त पंथाची ही दीक्षा तर नव्हे, अशी शंका कोणासही यावी. आणि त्या काळी ती अनेकांस आलीही.

आम्हांस मात्र या मंडळाच्या अल्पायुषी इतिहासात एक मोठा प्रश्न दडलेला दिसतो. नवी कला आणि रसिकवर्ग यांच्यात जेव्हा उघड वैर उत्पन्न होते, तेव्हा दोष कोणाचा मानावा? कलावंताचा, की श्रोत्याचा? शोनबर्ग व त्यांचे शिष्य यांनी या प्रश्नास एक तिसरेच उत्तर दिले. दोष पुष्कळ अंशी वाईट वादनाचा आणि एकदाच ऐकण्याचा आहे, असे ते उत्तर होते. ते कितपत खरे, आणि त्यासाठी त्यांनी कोणती किंमत मोजली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

शोनबर्ग यांचा जन्म १८७४ साली व्हिएन्नातच झाला. कोणत्याही नामांकित विद्यालयाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. झेम्लिन्स्की या मित्राकडून मिळालेले थोडेफार धडे सोडले तर ते स्वतःच्या अभ्यासाने रचनाकार झाले. १९०४ च्या सुमारास त्यांच्याकडे दोन तरुण शिष्य म्हणून आले. एक आंटोन वेबर्न, दुसरा आल्बान बर्ग. पुढे हे तिघे मिळून पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात एक नवे पर्व सुरू करणार होते.

ते पर्व कोणते, हे आपल्या वाचकांस सांगणे तितकेसे अवघड नाही. आपल्या गायनात तंबोऱ्याचा षड्ज अखंड वाजत असतो. गवई कितीही दूर गेला, किती वक्र वळणे घेतली, तरी ऐकणाराच्या कानास परतीचे घर ठाऊक असते. पाश्चात्त्य संगीतात तंबोरा नाही, परंतु तेथेही रचनेस एक आधारस्वर असतो, आणि स्वरांचे मेळ त्याच्यापासून निघून त्याच्याकडेच परत येतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही भ्रमंती लांबत चालली होती; घर दिसेनासे होण्याइतकी लांबली होती. शोनबर्ग यांनी १९०८ च्या आसपास ते घरच सोडून दिले. ‘सा’ हरपलेले संगीत ऐकताना कानाची जी त्रेधा उडावी ती व्हिएन्नाच्या श्रोत्यांची उडाली. त्यांच्या संतापास कारण नव्हते असे आम्ही म्हणणार नाही.

संताप तरी केवढा! १९०७ च्या फेब्रुवारीत शोनबर्ग यांची पंधरा वादकांसाठी लिहिलेली पहिली चेंबर सिंफनी वाजविली गेली. चेंबर संगीत म्हणजे मोजक्या वादकांनी लहान दालनात वाजविण्याचे संगीत. प्रत्येक वादकाचा स्वर त्यात स्वतंत्र ऐकू येतो. त्या प्रसंगी लोक खुर्च्या सरकवीत मध्येच उठू लागले, तेव्हा थोर रचनाकार गुस्ताव माहलर यांनी उभे राहून त्यांना गप्प केले आणि शेवटी विरोधक निघून जाईपर्यंत ते टाळ्या वाजवीत राहिले. पुढील वर्षीच्या डिसेंबरात दुसऱ्या क्वार्टेटच्या वेळीही असाच गोंधळ झाला. परंतु कळस झाला तो ३१ मार्च १९१३ रोजी, मुझिकफेराइनच्या मोठ्या सभागृहात. शोनबर्ग स्वतः वृंदसंचालन करीत होते. वेबर्न, झेम्लिन्स्की, शोनबर्ग यांच्या रचना झाल्या, आणि बर्ग यांची गीते सुरू झाली तेव्हा हशा, शिट्ट्या आणि हातघाई यांनी सभागृह दणाणून गेले. कार्यक्रमाच्या अखेरीस माहलर यांची मृत बालकांवरील शोकगीते व्हावयाची होती. ती होऊच शकली नाहीत. एका संयोजकाने एका श्रोत्याच्या थोबाडीत मारल्यावरून प्रकरण न्यायालयात गेले. तेथे साक्षीस आलेल्या ऑपेरेटाकार ऑस्कर स्ट्राउस यांनी त्या संध्याकाळचा सर्वांत सुस्वर आवाज त्या चपराकीचा होता असा शेरा मारल्याचे सांगतात.

या अपमानांच्या मालिकेत एक अपवाद मात्र घडला होता, आणि पुढील सर्व इतिहासाचे बीज त्या अपवादात आहे. १९१२ साली बर्लिन येथे आल्बर्टिन त्सेमे नावाच्या नटीने शोनबर्ग यांच्याकडून एक रचना मागविली. आल्बेर जिरो या बेल्जियन कवीच्या २१ कवितांच्या जर्मन रूपांतरावर त्यांनी ‘पिएरो ल्युनेर’ लिहिले. त्यात कंठ एक, तोही धड गाणारा नव्हे आणि धड बोलणारा नव्हे. आणि वादक पाच. बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो व पियानो. त्यातही बासरीवाल्याने मध्येच लहान बासरी घ्यावी, क्लॅरिनेटवाल्याने खर्जाचे क्लॅरिनेट घ्यावे, व्हायोलिनवाल्याने व्हिओला उचलावा अशी योजना, म्हणजे पाच माणसांतून आठ वाद्यांचे रंग. ही रचना अतिशय कठीण. तिच्या चाळीस तालमी झाल्या असे नमूद आहे. १६ ऑक्टोबर १९१२ रोजी बर्लिनच्या कोरालियोन सभागृहात तिचा पहिला प्रयोग झाला. नटी एकटी पुढे, वादक पडद्याआड. थोडीशी शीळ ऐकू आली खरी, पण शेवटी रचना तरली. त्यानंतर जर्मनी व ऑस्ट्रियाच्या अनेक शहरांतून तिचा दौराही झाला. डिसेंबरात बर्लिनमध्ये स्त्राविन्स्की यांनी ती ऐकली आणि त्यांच्या मनावर तिचा ठसा उमटला.

मोठ्या वाद्यवृंदास दोन-तीन तालमी मिळत; रोजचे काम उरकून आलेले वादक, समोर अनोळखी स्वरलिपी, आणि मग श्रोत्यांपुढे जे येई ते रचनाकाराचे नव्हे तर घाईचे अपत्य असे. येथे पाच वादकांनी चाळीस तालमी केल्या आणि अवघडाहून अवघड संगीत श्रोत्यांच्या गळी उतरले. यावरून शोनबर्ग यांनी जो बोध घ्यावयाचा तो घेतला.

महायुद्धामुळे काही वर्षे सर्वच ठप्प झाले. शोनबर्ग यांना सैन्यात जावे लागले. बर्ग युद्धखात्यात कारकुनी करीत राहिले. १९१८ च्या जून महिन्यात, युद्ध संपण्यापूर्वीच, शोनबर्ग यांचा तरुण शिष्य एर्विन रात्स याने पुढाकार घेऊन एक अपूर्व प्रयोग घडवून आणला. पूर्वी ज्या चेंबर सिंफनीची हेटाळणी झाली होती तिच्याच दहा तालमी लोकांसाठी खुल्या ठेवण्यात आल्या. या तालमींच्या शेवटी रीतसर जलसा व्हावयाचा नव्हता. तालीम हाच कार्यक्रम. वादक चुकत, शोनबर्ग थांबवीत, तुकडा पुन्हा वाजे, एकेका वाद्याची ओळ वेगळी ऐकविली जाई, मग सारे एकत्र. श्रोते दहा वेळा तेच संगीत ऐकत होते आणि दर वेळी त्यांना त्यात अधिक काही गवसत होते. अकरा वर्षांपूर्वी ज्या रचनेवर लोक उठून गेले होते तीच रचना आता लोक मुद्दाम येऊन शिकत होते. पाच महिन्यांनी स्थापन झालेले मंडळ हे या दहा तालमींचे सरळ अपत्य होय.

मंडळाचे उद्देशपत्रक बर्ग यांनी १९१९ च्या फेब्रुवारीत लिहिले. त्यातील विचार तीन सूत्रांत सांगता येतो. पहिले, प्रयोग स्वच्छ व पूर्ण तयारीचा असावा; वादकांची तयारी झाली नसेल तर रचना पुढे ढकलावी. दुसरे, रचना वारंवार ऐकवावी, कारण एका श्रवणात नव्या भाषेचा उलगडा होत नाही. तिसरे, संगीतास जाहिरात व स्पर्धा यांच्या बाजारातून बाहेर काढावे, आणि टाळ्या किंवा धिक्कार यांच्या सत्तेतूनही सोडवावे.

आपल्या बैठकीची सवय असणारास यातील टाळ्यांचा नियम रुक्ष वाटेल. आपल्याकडे समेवर पडलेली मान, एखाद्या जागेवर निघालेली दाद ही गाण्याचेच अंग असते. दाद मिळाली की गवई अधिक खुलतो. परंतु युरोपातील सभागृहात दादेचे स्वरूप निराळे होते. तेथे श्रोता रचना संपेपर्यंत स्तब्ध बसे आणि शेवटी टाळ्यांनी किंवा शिट्टीने न्यायाधीशासारखा निकाल देई. व्हिएन्नात तर हा निकाल वाजविणे सुरू होण्यापूर्वीच ठरून गेलेला असे. शोनबर्ग यांच्या बाजूचे लोक टाळ्या वाजविण्याच्या निश्चयाने येत, विरोधी लोक शीळ घालण्याच्या निश्चयाने; आणि त्या दोन फौजांच्या मध्ये संगीत चिरडले जाई. मंडळाने दोन्ही बाजूंची हत्यारे दारावर काढून ठेवावयास लावली, एवढाच या नियमाचा अर्थ. कार्यक्रम आगाऊ न सांगण्याचे कारणही असेच व्यावहारिक होते. नावे पाहून लोकांनी निवडक हजेरी लावू नये. प्रसिद्ध रचनेस गर्दी आणि अपरिचित रचनेस रिकाम्या खुर्च्या असे होऊ नये.

पहिला कार्यक्रम २९ डिसेंबर १९१८ रोजी झाला. त्यात रशियन रचनाकार स्क्रियाबिन यांचे पियानोवरील सोनाटा, देब्युसी यांची गीते, आणि माहलर यांची सातवी सिंफनी होती. सबंध वाद्यवृंदाची ती सिंफनी येथे एका पियानोवर चार हातांनी वाजविली गेली. देब्युसी हे फ्रेंच, म्हणजे शत्रुराष्ट्राचे, स्क्रियाबिनही शत्रुराष्ट्राचेच. तोफा थंडावून दोन महिने झाले नव्हते. पराभूत, उपाशी व्हिएन्नातील एका मंडळाने आपला पहिला कार्यक्रम अशा नावांनी सुरू करावा, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही.

याहूनही मोठी गोष्ट अशी की, पहिली दोन वर्षे शोनबर्ग यांनी स्वतःची एकही रचना मंडळात वाजवू दिली नाही. मंडळाची सर्व सूत्रे त्यांच्या हाती होती; तालमी घेणारे बर्ग, वेबर्न, पियानोवादक एडुआर्ड श्टॉयरमान हे सर्व त्यांचेच शिष्य. मनात आणले असते तर त्यांनी या मंडळाचे आपल्या कीर्तनाचे देऊळ करून सोडले असते. त्यांनी वाजविले ते माहलर, रिचर्ड स्ट्राउस, माक्स रेगर, देब्युसी, राव्हेल, बार्टोक, स्त्राविन्स्की, साती, बुसोनी यांचे संगीत. यांपैकी कित्येकांची वाट शोनबर्ग यांच्या वाटेहून अगदी निराळी होती. नवे आणि प्रामाणिक असले की पुरे. पंथ विचारावयाचा नाही, असा हा बाणा होता. १९२० च्या ऑक्टोबरात खुद्द राव्हेल व्हिएन्नात आले, आणि २३ तारखेस मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनी इटालियन रचनाकार कासेला यांच्यासह ‘ला व्हाल्स’ ही आपली नवी रचना दोन पियानोंवर वाजविली. व्हिएन्नाच्या वॉल्ट्झ नृत्याचे वैभव आणि त्याचा विध्वंस दोन्ही जीत ऐकू येतात अशी ती रचना, एका फ्रेंच माणसाने, व्हिएन्नातच, प्रथम लोकांपुढे ठेवली.

मंडळापाशी पैसा नव्हता, त्यामुळे वाद्यवृंदही नव्हता. सभासदांच्या वर्गणीवर जे काही भागेल ते भागवावयाचे. मग शंभर वादकांच्या रचना वाजवावयाच्या कशा? प्रारंभी पियानोवर काम निभावले. पुढे लहान संचासाठी रूपांतरे होऊ लागली. चार-पाच तंतुवाद्ये, एक-दोन फुंकवाद्ये, पियानो आणि हार्मोनियम असा तो संच असे. ज्या वाद्यास आपण पेटी म्हणून घरोघर आपलेसे केले त्याच कुळातील, आपल्या संगीत नाटकांतील पायपेटीसारखे पायाने भाता चालविण्याचे ते युरोपीय हार्मोनियम. वाद्यवृंदात तुतारी, ओबो, शिंग यांचा जो लांब, भरलेला स्वर असतो त्याची उणीव ते भरून काढी. देब्युसी यांच्या ‘फॉनच्या अपराह्णा’चे असे रूपांतर बेन्नो साक्स यांनी १९२० मध्ये केले, माहलर यांच्या चौथ्या सिंफनीचे एर्विन श्टाइन यांनी १९२१ मध्ये. गरजेतून निघालेल्या या युक्तीत मंडळाने एक गुणही पाहिला. रंगांचा झगमगाट काढून घेतला म्हणजे रचनेचा सांगाडा स्पष्ट दिसतो. ती उभी राहते की कोसळते हे कळते. चित्राची पारख त्याच्या रेखाटनावरून करावी तसे हे आहे.

या रूपांतरांतील सर्वांत मौजेचा प्रसंग २७ मे १९२१ चा. खजिना रिता झालेला. तेव्हा पैसे उभे करण्यासाठी या कठोर मंडळाने श्वार्त्सवाल्ड विद्यालयाच्या सभागृहात योहान स्ट्राउस यांच्या लोकप्रिय वॉल्ट्झची संध्याकाळ जाहीर केली! रूपांतरे केली होती शोनबर्ग, बर्ग व वेबर्न यांनीच. वाजविणारेही तेच. शोनबर्ग व्हायोलिनवर, वेबर्न चेलोवर, बर्ग हार्मोनियमवर, आणि श्टॉयरमान पियानोवर. कार्यक्रम संपल्यावर रूपांतरांची मूळ हस्तलिखिते लिलावात विकण्यात आली. ज्यांना शहर स्वरांचे मारेकरी म्हणत होते ते शहराचे लाडके नाचाचे संगीत इतक्या आदराने व कसोशीने हाताळीत होते. परंपरेचा द्वेष करणारांचे हे काम नव्हे. त्याच वर्षी, शोनबर्ग यांच्या रचनांवरील स्वेच्छेची बंदी उठल्यानंतर, एर्विन श्टाइन यांच्या संचालनाखाली आणि एरिका वाग्नर यांच्या वाणीने ‘पिएरो ल्युनेर’ही मंडळात झाले.

परंतु वॉल्ट्झ विकून किती दिवस निभणार? ऑस्ट्रियाचे क्रोने हे नाणे दिवसेंदिवस कवडीमोल होत होते. त्याची घसरण किती झाली ते यावरून समजेल की, १९२५ साली नवे शिलिंग चलन आले तेव्हा १०,००० क्रोनेंस १ शिलिंग असा भाव ठरला. आज घेतलेली वर्गणी उद्या निरर्थक, अशा काळात सभासदांच्या वर्गणीवर जगणारे मंडळ टिकणे शक्यच नव्हते. ५ डिसेंबर १९२१ रोजी व्हिएन्नातील शेवटचा कार्यक्रम झाला. तीन वर्षांहूनही कमी काळात ११७ कार्यक्रम झाले होते. त्यांत १५४ रचना एकूण ३५३ वेळा वाजविल्या गेल्या. म्हणजे सरासरीने प्रत्येक रचना दोनदा तरी ऐकविली गेली. ब्रुकनर यांच्या सातव्या सिंफनीचे रूपांतर शिष्यांनी १९२१ मध्ये तयार केले होते. ते वाजविण्यापूर्वीच मंडळ मिटले. माहलर यांच्या ‘पृथ्वीचे गीत’ या रचनेचे शोनबर्ग यांनी आरंभिलेले रूपांतर अपुरेच राहिले. राइनर रीन यांनी ते १९८३ मध्ये पुरे केले.

आता या उद्योगाचे मोल काय करावे? मंडळावर दोन आक्षेप घेता येतात आणि ते दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, तेथे लोकशाही नव्हती. देशात राजा जाऊन प्रजासत्ताक आले, आणि त्याच महिन्यात शोनबर्ग मात्र आपल्या मंडळाचे एकतंत्री राजे झाले. काय वाजवावे, कोणी वाजवावे, केव्हा वाजवावे हे सर्व त्यांच्या शब्दावर. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. टीकाकारास बाहेर ठेवले म्हणजे वाईट टीका टळते, पण चांगल्या टीकेचीही वाट बंद होते. ओळखपत्र दाखवून आत येणारे लोक बहुधा आधीच अनुकूल झालेले असतात. व्हिएन्नाचा सामान्य श्रोता, ज्याचा कान तयार व्हावयास हवा होता, तो बाहेरच राहिला. रसिकांशी झालेले भांडण मिटविण्याऐवजी मंडळाने त्या भांडणाभोवती भिंत बांधली, असे कोणी म्हटले तर ते सर्वस्वी खोटे ठरणार नाही.

तथापि, आमचा कौल मंडळाच्या बाजूने पडतो. आजाऱ्यास काही दिवस गर्दीपासून दूर ठेवावे लागते. ते दूर ठेवणे म्हणजे समाजाचा द्वेष नव्हे. दार लावले होते ते सुखवस्तू लोकांच्या चैनीसाठी नव्हे, तालीम पुरी व्हावी म्हणून. आणि तीन वर्षांच्या त्या एकांतातून जे बाहेर आले ते केवळ संगीत नव्हते. नवी स्वरलिपी वाचू शकणारी, रचनाकाराचा हेतू ओळखणारी, एका रचनेसाठी महिनाभर झिजावयास तयार असणारी वादकांची एक पिढी त्यातून बाहेर आली. कोणत्याही नव्या कलेस प्रथम असे कारागीर लागतात. श्रोते त्यांच्या मागून येतात.

याचा पुरावा पुढील इतिहास देतो. मंडळाची एक शाखा १९२२ ते १९२४ या काळात प्राग येथे, झेम्लिन्स्की यांच्या अध्यक्षतेखाली चालली. १९२२ च्याच उन्हाळ्यात साल्झबुर्ग येथे नव्या संगीतासाठी आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि दरसाल निरनिराळ्या नगरांत तिचे उत्सव होऊ लागले. मंडळातील तरुण व्हायोलिनवादक रुडॉल्फ कोलिश याने आपले क्वार्टेट काढले. लहानपणी डाव्या हाताच्या मधल्या बोटास इजा झाल्यामुळे कोलिश व्हायोलिन उजव्या हातात धरी आणि गज डाव्या हाताने फिरवी. गोव्यात व्हायोलिन ही काही अपूर्वाईची वस्तू नाही. तेथील वाचकांस यातील अडचण सांगावयास नको. या चौघांचा नियम असा की, तालीम करावयाची ती आपल्यापुरत्या ओळीवरून नव्हे तर संपूर्ण स्वरलिपीवरून, आणि लोकांपुढे वाजवावयाचे ते मुखोद्गत. बर्ग यांची ‘लिरिक सुइट’ व शोनबर्ग यांचे तिसरे क्वार्टेट १९२७ मध्ये, बार्टोक यांचे पाचवे क्वार्टेट १९३५ मध्ये, शोनबर्ग यांचे चौथे १९३७ मध्ये, बार्टोक यांचे सहावे १९४१ मध्ये, ही सर्व प्रथम त्यांनी वाजविली. विसाव्या शतकातील क्वार्टेट-संगीताचा केवढा मोठा वाटा हा! आणि त्याची शिस्त त्या बंद दाराआडची.

पुढे हिटलरशाहीने या सर्वांची वाताहत केली. शोनबर्ग ज्यू म्हणून १९३३ साली बर्लिनच्या अध्यापकपदास मुकले आणि अमेरिकेस गेले. कोलिश, श्टॉयरमान हेही तेथे पोचले. श्टाइन लंडनला गेले. बर्ग १९३५ मध्ये वारले होते. वेबर्न ऑस्ट्रियातच राहिले आणि युद्ध संपल्यावर, १५ सप्टेंबर १९४५ रोजी, मिटरसिल गावी एका अमेरिकन सैनिकाच्या गोळीस बळी पडले. शोनबर्ग यांनी १९५१ मध्ये लॉस एंजलिस येथे देह ठेवला.

माणसे विखुरली, पण मंडळाची कल्पना विखुरली नाही. पॅरिसमध्ये १९५४ साली पिएर बुलेझ या तरुण रचनाकाराने झाँ-लुई बारो व मादलेन रनो या नटदांपत्याच्या आश्रयाने, पेती मारिन्यी या लहान नाट्यगृहात कार्यक्रम सुरू केले. ‘दोमेन म्युझिकाल’ या नावाने ते १९७३ पर्यंत चालले. खुद्द व्हिएन्नात १९५८ मध्ये फ्रीडरिश चेर्हा व कुर्ट श्वेर्टसिक यांनी ‘डी रायहे’ हा वादकसंच स्थापिला. लंडनमध्ये १९६७ साली हॅरिसन बर्टविसल आणि पीटर मॅक्सवेल डेव्हिस यांनी तर आपल्या संचास ‘पिएरो प्लेअर्स’ असे नावच दिले. १९१२ च्या त्या पाच वादकांत त्यांनी तालवाद्यांची भर घातली. १९७० पासून ‘फायर्स ऑफ लंडन’ म्हणून ओळखला गेलेला हा संच १९८७ पर्यंत वाजवीत राहिला. बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो ही जोडणी आता जगभरच्या रचनाकारांस इतकी परिचित झाली आहे की, तिला ‘पिएरो संच’ असेच म्हणतात. १९६८ मध्ये ‘लंडन सिंफोनिएटा’ निघाली. आणि १९७६ मध्ये बुलेझ यांनीच पॅरिसमध्ये ‘आँसाँब्ल अँतेरकाँताँपोरँ’ उभारला. या शेवटच्या संचात ३१ वादक, सारे पगारी, आणि खर्चास सरकारी तिजोरीचा आधार. नाण्याच्या घसरणीने ज्या मंडळाचा गळा घोटला त्याच्या वारसांनी प्रथम पोटाची तरतूद करून घेतली, हे शहाणपणाचेच झाले.

परंतु या वारसांनी एक नियम मात्र घेतला नाही, आणि तो न घेण्यात त्यांचे खरे शहाणपण आहे. त्यांनी दार उघडे ठेवले. टीकाकार येवोत, टाळ्या पडोत, शिट्ट्याही होवोत; तिकीट काढील त्याने आत यावे. हे त्यांना परवडले, कारण तालमीची शिस्त तोवर रुजली होती आणि श्रोत्यांतही काही कान तयार झाले होते. व्हिएन्नाच्या मंडळाने दार लावले नसते तर पुढील मंडळींना ते उघडावयास काही उरलेच नसते. आणि पुढील मंडळींनी ते उघडले नसते तर व्हिएन्नाचे मंडळ खरोखरच एक पंथ होऊन संपले असते. हे दोन्ही टप्पे इतिहासात आवश्यक ठरले.

आपल्या वाचकांपैकी अनेकांस शोनबर्ग यांचे संगीत कदाचित कधीच रुचणार नाही. ते रुचावे असा आमचा आग्रह नाही. युरोपातही आज शंभर वर्षांनी ते सर्वांस रुचते असे नाही. परंतु नव्याविषयी मत देण्यापूर्वी ते नीट वाजविले गेले आहे काय, आणि आपण ते एकाहून अधिक वेळा ऐकले आहे काय, हे दोन प्रश्न त्या उपाशी शहरातील मूठभर माणसांनी विचारले. गाणे असो, नाटक असो, कविता असो, हे प्रश्न आपणही स्वतःस विचारावे. त्यानंतर जे मत पडेल ते, मग ते कितीही प्रतिकूल असो, न्यायाचे असेल.